गाडीतली टोपी

वडवणी, १४ सप्टेंबर २०२५

चि. मन्मथ यास शिवम्माचे शरणार्थ.

दोन वर्षांमागं मालकांना माती देताना मी चारचौघांत म्हणलं होतं, ह्या भावाशी जन्मात बोलणार न्हाई. बोलत न्हाईच. लिहिते हाय, तेबी खुशीनं न्हाई.

दीर म्हणतेत, दसऱ्याला ट्रक पूजेच्या लिंबावरून पुढं सरकला तर अंगणात राहील, न्हाईतर भंगारवाला कापून नेईल. चाळीस वर्षं त्या गाडीवर आमचं घर चाललं. हे गेल्यापासून मी तिला कुणाला हात लावू दिला न्हाई. आत यांची टोपी अडकवलेली, तशीच हाय. नवी बॅटरी आणली. चावी फिरवली की घुर्र घुर्र करती, पेटत न्हाई. त्या दिवशीबी असंच. छातीत कळ येऊन हे बाजूच्या सीटवर वाकले, अन् मी चावी फिरवून फिरवून बॅटरी संपवली. आदल्याच दिवशी तू दुरुस्त करून गेलतास. एका चावीत उठंल म्हणालतास. उठली? दुसऱ्याची जीप येईस्तोर माणूस गेला.

काय करायचं ते लिहून धाड. दारात पाय ठेवू नको.

लोभ मागत न्हाई.
शिवम्मा

मांजरसुंबा, १७ सप्टेंबर

ती. अक्कास मन्मथचे सा. न. वि. वि.

बसच्या कंडक्टरनं पत्र गॅरेजवर दिलं. तुझं अक्षर अजून ब्रेक नसलेल्या गाडीसारखंच पळतं.

बॅटरीच्या तारांवर पांढरं साचलं असेल, ते गरम पाण्यानं धुऊन घे. मग डिझेल फिल्टरवरचा बोल्ट सैल कर, हातपंप दाबत राहा. फेस येईल, तो हवेचा. नितळ डिझेल आलं की बोल्ट आवळ.

तरी नाही झालं तर मला अर्धा तास येऊ दे. तू देवळात जाऊन बस, मी तोंड न दाखवता निघून जाईन. टोपी मात्र काढू नको. मी नीट काढीन.

रागात का होईना, आठवण असू दे.
मन्मथ

वडवणी, २२ सप्टेंबर

मन्मथ,

सगळं केलं. डिझेल कोपरापर्यंत उडालं, भाकरीला वास येतोय, लेक प्रणिता जेवंना. गाडी हाय तशीच. धुराची रेघबी न्हाई.

आन् टोपी तू काढणार? त्यांच्या टोपीला हात लावणारा तू कोण? येऊ नको म्हणलं म्हंजी येऊ नको. काय शिल्लक ठेवलंस ते सांग. अर्धवट कामाची तुझी सवयच हाय.

शिवम्मा

मांजरसुंबा, २५ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

धूर नाही म्हणजे डिझेल इंजिनात पोचत नाही. स्टेअरिंगखाली डाव्या हाताला काळा गोळा आहे, त्याला स्टॉपर म्हणतात. जुन्या गाड्या चावीनं बंद होत नाहीत, तो ओढून बंद करायच्या. चालू करण्याआधी आत ढकलायचा. राहिला तर दिवसभर चावी फिरवली तरी पेटत नाही.

मधल्या काळात कुणा पोरानं ओढला असेल. जास्त विचार करू नको अक्का. दसरा चांगला जाऊ दे.

तुझा मन्मथ

वडवणी, २८ सप्टेंबर

चि. मन्मथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

टोपी त्याच गोळ्याला अडकवलेली होती. काढली. गोळा ढकलला. एका चावीत उठली.

पोरानं ओढला म्हणतोस? कुलपाची चावी दोन वर्षं माझ्या कंबरेला हाय. टोपीवरची धूळ हलली नव्हती. तू दुरुस्त करून गेल्यावर गाडी लावून त्यांनीच गोळा ओढला, वर टोपी अडकवली. मला त्यांनी मोकळ्या रानात चालवायला शिकवलं, पण चालू तेच करून द्यायचे, बंद तेच करायचे. मी नुसतं चाक धरायचे.

तुझं काम चोख होतं.

मातीच्या दिवशी तू केबिनीत डोकावून खाली मान घालून उतरलास, ते आज ध्यानात आलं. ओढलेला गोळा तवाच दिसला ना तुला? कावून बोलला न्हाईस? सगळ्या गावादेखत माझ्या शिव्या खाल्ल्यास. तुला वाटलं असंल अक्काला वाचवलं. दोन वर्षं तुझ्यावर थुंकले, तवा झोप तरी लागायची. आता मी कुणाला बोलू?

एकच्या बसनं हे पत्र धाडते. दसऱ्याची वाट बघू नको. गाडी सकाळपासून अंगणात चालूच हाय, डिझेल जळतंय. दीर बंद करायला आले, मी चढू दिलं न्हाई. तो गोळा ओढायला माझा हात होईना.

तू ये. तूच ओढ.

शिवम्मा