कोरडा राहणारा चट्टा

मुलुंड, १३ जानेवारी १९८४

प्रिय जयंतीस,

मी ठीक आहे. यंदा काजूला मोहर कसा आला?

तू दिलेले करंजाच्या बियांचे तेल रोज कोमट करून लावतो. सगळा हात मऊ झाला. मग मागच्या पत्रात लिहिलेला कोपराजवळचा फिकट चट्टाच कोरडा का, हे कोडे तुलाही पडले असेल. उत्तर मोठे सुरेख आहे. तेल त्वचेला ओलावा देत नाही. आतून येणारा ओलावा ते अडवून धरते. जिथे घामच येत नाही, तिथे ते काय धरणार?

परवा तेल जास्त तापले. चट्ट्यावर फोड उठला, तो शेजारच्या लवूने दाखवला. "मास्तर, एवढं भाजलं तरी कळलं नाय तुम्हाला?"

याला कुष्ठरोग म्हणतात, जयंती. गोळ्यांनी बरा होतो, असे डॉक्टर सांगतात. मला मात्र घरी तोंड दाखवण्याचे बळ उरलेले नाही.

आपल्या वसुधाच्या पाठीवरही तसाच डाग आहे, असे तू लिहिलेस. तिला डोळे मिटायला सांग. कापसाचे पिळलेले टोक आधी दंडाला, मग डागाला अलगद टेकव. स्पर्श होईल तिथे तिने बोट ठेवावे. नाही ठेवले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. तिचे बोट डागावर यावे, एवढेच आता मागतो.

तुझा,
श्यामसुंदर