आईचं कापड आणि दोन सरकारं

वार्स्का, २६ ऑगस्ट १९९८

ती. ओदेताईस,
येव्वाचा शि. सा. न. वि. वि.

परवा मरियेचा सण, आणि मला यंदा परवानगी नाही. आई तिकडे रशियात, तुमच्या पेत्सेरीच्या स्मशानात, मी सीमेच्या तारेच्या अलीकडे एस्टोनियात, आणि मध्ये दोन सरकारांचं घोडं अडलेलं! सोव्हिएत राज्यात एवढं एक बरं होतं, आईच्या थडग्यावर जेवायला जाताना व्हिसा लागत नव्हता.

पण गंमत ऐक. सणादिवशीच तुमच्या गावात रशियाशी वाटाघाटी आहेत. आमच्याकडचे साहेब मी स्वयंपाक करते त्याच अतिथिगृहात उतरलेत. त्यांच्या गाडीची झडती होत नाही म्हणे. म्हणून आईनं विणलेलं लाल कोंबड्यांचं कापड, घरचं चीज आणि अंडी त्यांच्याच हाती देते आहे. तुझं नाव सांगितलं, सणाला कापड अंथरून सगळ्यांनी खायचं हेही सांगितलं. शहरी माणूस, नुसता मान डोलावत होता.

पोचलं का? मॉस्कोहून कोणी बाई मुख्य म्हणून येणार आहेत. दिसतात कशा? हसतात का? सगळं लिही, मला चैन पडत नाही.

तुझी,
येव्वा

पेत्सेरी, २९ ऑगस्ट १९९८

चि. येव्वास,
ओदेताईचे अ. उ. आ.

अगं, तुझ्या शहाण्यानं आईचं कापड वाटाघाटीच्या टेबलावर अंथरलं! माझं नाव विसरला, 'सगळ्यांनी खायचं' तेवढं लक्षात ठेवलं. थडग्यावर अंथरायचं हे तू सांगितलंच नसशील. आपल्यात ते कोणाला सांगावं लागतं? मॉस्कोच्या बाईंनी चीज तोंडाशी नेलं आणि खाली ठेवलं. त्यांच्या आजीच्या गावीही असंच कापड अंथरून थडग्यावर जेवतात. हे गेलेल्या माणसाचं पान आहे, आपलं नव्हे, असं म्हणून त्या उठल्याच. साहेबांनीच मला ओशाळून सांगितलं.

आम्ही स्मशानात बसलो होतो. पाहते तर बाई कापड घेऊन थडग्याथडग्याशी विचारताहेत, हे कोणाचं, आणि मागून साहेब चीजची थाळी सांभाळत! कोंबडे मी लांबूनच ओळखले. दोघांना म्हटलं, बसा. आईच्या दारी आलेल्याला उपाशी कसं धाडायचं? साहेब बसले. बाई आईच्या उजवीकडे टेकणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं की तिथं नको, ती येव्वाची जागा. मग ती का आली नाही, असं त्यांनी विचारलं. मी तारेकडे बोट दाखवलं.

बाई हसल्या नाहीत. तुझी जागा तशीच ठेवून त्यांनी उभ्यानंच खाल्लं. मला मात्र रडू आवरेना.

कापड माझ्याकडे आहे. आशा धरू नकोस, मोठ्यांचं काही खरं नसतं.

तुझी,
ओदेताई

वार्स्का, १२ ऑगस्ट १९९९

ती. ओदेताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवानगी आली! सणापुरती, एकाच दिवसाची, पण ज्यांची ज्यांची माणसं तिकडे पुरलीत त्या सगळ्यांना. सीमेचं भांडण आहे तिथेच आहे. मग हे झालं कसं? साहेब पुन्हा इथे उतरले होते, त्यांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, दर बैठकीत बाईंचा एकच प्रश्न असायचा, त्या स्मशानातल्या जागा किती वर्षं रिकाम्या ठेवायच्या?

कापड तू आण, चीज मी करते. यंदा माझी जागा राखू नकोस, मीच येऊन बसते. आणि त्या बाई आल्याच, तर त्यांना माझ्या शेजारी बसव. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही, असं आईच म्हणायची.

लोभ आहेच, या खेपेला समक्ष.

तुझी,
येव्वा