शिरपूरच्या अलीकडून परत

१२ नोव्हेंबर
शेजारचे देशमुख सायकल बघायला आले. बघायला म्हणजे घ्यायला. "पडून पडून गंजते, ताई. मनोहरभाऊ असते तर गोष्ट वेगळी." मनोहरभाऊ असते तर तुम्ही फाटकाच्या आत आला नसतात. हे बोलले नाही. बोलले ते असं :
"मला लागते."
"कायले?"
"चालवायले."
गेले. चहा न घेता गेले, म्हणजे धक्का खरा होता.
शेवटची सायकल कॉलेजात शिकत असताना चालवली. उद्या टायरमध्ये हवा भरायला हवी.

१३ नोव्हें.
बातमी देशमुखांकडून दातांच्या डॉक्टरपर्यंत पोचली. हा म.बरोबर सकाळी सायकलवर जायचा. जानेवारीत त्यांच्या ग्रुपची मोठी राइड आहे, पन्नास आणि शंभर किलोमीटर. "लेडीजसाठी पन्नास परफेक्ट, ताई. अगदी हळदीकुंकवासारखं वातावरण असतं."
जुलैत नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचं आमंत्रण देणारा हा जिल्ह्यातला पहिला पुरोगामी. लक्षात आल्यावर त्याने तोंड मिटलं. दंतवैद्याचं मिटलेलं तोंड पहिल्यांदा पाहिलं.
मी म्हणाले, शंभर.
"बघा. महिनाभरात पक्कं सांगा."

१६ नोव्हें.
सीट खाली करून आणली. दांडा काढला तेव्हा त्यावर म.च्या उंचीची खूण दिसली, वर मळकी, खाली चकचकीत. बघितली. काही झालं नाही.
रस्ता विचारला. वाशिमहून निघायचं. पन्नासवाले मालेगावच्या थोडं पुढून परत. शंभरवाले शिरपूर ओलांडून रिसोडच्या रस्त्याला, आणि आल्या वाटेने परत.
शिरपूर म्हणजे माझा भाऊ गजू. गजू म्हणजे विसावा.
तेरवीनंतर माहेरचे बाईला एका रात्रीपुरतं विसाव्याला घेऊन जातात. जेवू घालतात, लुगडं देतात, सकाळी आणून सोडतात. मग रडायचं ते रडून झालं, असं सगळ्यांनी धरायचं. गजू जुलैत पिकअप घेऊन आला होता. मी गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा ठणठणीत. माझं रडणं अजून सुरूच झालेलं नव्हतं. ते संपल्याची पावती कुठून फाडू?
अजूनही नाही झालं.

१ डिसेंबर
रोज सकाळी मालेगाव रस्ता. आपल्या लोकांना सायकल म्हणजे संकट वाटतं. आज दोघं मोटरसायकलवरून उतरून चौकशी करून गेले. "गाडी बंद पडली का, मॅडम?" "पगार झाला नाही का कॉलेजात?" एक जण तर पाय दुखेल म्हणून ट्रॅक्टरला बांधून ओढत न्यायला तयार. चहाला तीन ठिकाणी थांबावं लागलं. नाही म्हटलं की माणूस दुखावतो, हो म्हटलं की पोट.
दम लागतो. बाकी काही वाटत नाही. तुरीची शेतं पिवळी झालीत, ती पिवळी आहेत एवढं कळतं.
संपादकांचा फोन : "ताई, सदर? काहीतरी हलकंफुलकं." चार वर्षांपूर्वीचा लेख तारीख बदलून पाठवला. "काय फॉर्मात आहात!"

१४ डिसें.
आज लांब गेले. डॉक्टरने आखून दिलं होतं तेवढं जायचं आणि फिरायचं. ते अंतर शिरपूरच्या तीन-चार किलोमीटर अलीकडे भरलं. एका संत्र्याच्या बागेपाशी उतरले, पाणी प्यायले, परत फिरले. छान झालं. छान म्हणजे, झालं.

१५ डिसें.
उजाडता गजू दारात. वाशिमच्या मंडीत भाजी उतरवून आलेला, अंगाला कोथिंबिरीचा वास. हातात डबा आणि पिशवी. बसेचना.
"काल तू काहून आली नाहीस?"
"कुठे?"
"बाई, चहावाल्यानं फोन केला. म्हणे, तुमची बहीण सायकलवर शिरपूरले येऊन राह्यली. आमाले वाटलं, आली. आपल्या मनानं विसाव्याले आली. हिनं पुरण घातलं. शेजारच्या चार बाया बोलावल्या. लुगडं काढून ठेवलं. मी फाट्यावर जाऊन उभा."
"मी सराव करत होते, गजू. अंतर संपलं म्हणून फिरले."
"अंतर?"
"ठरलेलं असतं."
"भावाचं घर तीन किलोमीटरवर अन् तू मोजून फिरली?"
एरवी माझ्याकडे प्रत्येकासाठी दोन उत्तरं असतात, एक तोंडावर आणि एक छापायला.
डब्यात कालच्या पोळ्या. पिशवी त्याने उघडली नाही, परत नेली. जाताना पालकाच्या दोन जुड्या ओट्यावर ठेवून गेला. भांडून पण भाजी देऊन जाणारं खानदान आहे आमचं.

१६ डिसें.
डॉक्टरला कळवलं : पन्नास. त्यात शिरपूर लागत नाही.
"गुड डिसिजन, ताई." शब्दाशब्दातून सुटका ऐकू येत होती.

२८ डिसें.
पुण्याहून लेकीचा फोन.
"आई, तू रडलीस का गं?"
"नाही. तू?"
"रोज. मेट्रोत."
आमच्याकडे मेट्रो नाही, म्हणाले. ती हसली. कुकर झाला, फोन ठेवला.

१० जानेवारी
हाताची बोटं बधिर होतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही हातांची. उतरल्यावर दाराचं कुलूप उघडता येत नाही. डॉक्टर म्हणतो हँडलवर भार देता, हातमोजे घ्या. घेतले. कुलूप आता हातमोज्यांसकट उघडता येत नाही.

१४ जाने.
संक्रांत. वहिनीचा फोन. आधी हवा, मग थंडी, मग हरभऱ्यावरची अळी. मग :
"बाई, तीळगूळ केला. पण तुमचा विसावा नाही झाला, तर पाठवू कशी? अन् आमच्या तोंडालेही लावला नाही. डब्यात हाय तसाच."
"खा गं. मुलांना दे."
"पोरायले देल्ला. आमी दोघं नाही."
राग आला. म्हणजे यायला हवा होता.
संध्याकाळी डॉक्टरला : शंभर. वय, गुडघा, ऊन, ट्रक. सगळं ऐकून घेतलं. शंभर.
गजूला कळवलं की त्या दिवशी शिरपूरवरून जाईन, थांबेनच असं नाही. राइड आहे, पाहुणचार नाही.
"बरं. पाणी घेऊन उभं राहू. पाणी चालते ना तुह्या राइडमध्ये?"

२५ जाने., शिरपूर
हे भाचीच्या वहीच्या कागदावर. घरी गेल्यावर चिकटवायचं.
जाताना फाट्यावर दोघं उभे होते. गजूने घरातली प्लास्टिकची खुर्ची आणली होती. सडकेच्या कडेला रिकामी खुर्ची, शेजारी पाण्याची कळशी, वहिनी पदर घेऊन. एखाद्या नेत्याची वाट बघावी तसं. मी "येताना!" ओरडले आणि पुढे गेले. मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर पडले असते.
रिसोडच्या रस्त्यावर वारा समोरून. वळून आले तर ते तिथेच. गजू म्हणाला, "बस, दोन मिनिटं." दोन मिनिटं खुर्चीत. मग घरी कशी आले ते नीट आठवत नाही. सायकल तो हाताने ओढत होता.
वहिनीने दारात पायांवर पाणी घातलं. लुगडं बाहेर आलं. खाली सायकलसाठी घेतलेली चट्ट्यापट्ट्यांची चड्डी, अंगात राइडचा पिवळा शर्ट, छातीवर नंबर. नेसवणार कशावर? तिने ते नुसतं खांद्यावरून पांघरलं. गजू खो खो हसला. "दिसतेस लय भारी, बाई!" मीही हसले बहुतेक.
ताट धरता येईना. वहिनीने हात ओढून घेतले आणि तिळाचं तेल घेऊन एकेक बोट चोळायला लागली. करंगळीला आधी मुंग्या आल्या. मग दुखायला लागली. चांगलीच.
"लागते का?"
"हो."
"लागू द्या."
तीळगुळाचा डबा मधे ठेवलाय. अजून कोणी हात लावलेला नाही.
डॉक्टरचा फोन दोनदा येऊन गेला. गजूने घेतला. "हाय, हाय, जिवंत हाय. जेवून राह्यली." मग मला विचारलं, "गाडी काढू, का सायकलनं जातेस, का राह्यतेस?"
जरा थांब, म्हणाले.
सायकल अंगणात उभी आहे, तोंड वाशिमकडे. वेळ आहे अजून, निघाले तर पोचेन. वहिनीने आतल्या खोलीत अंथरूण घातलंय आणि मला दिसू नये म्हणून दार लोटून घेतलंय. करंगळी दुखतेच आहे.