नकाशांच्या कपाटाची किल्ली

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीस वर्षं तू सरकारी नोकर आणि त्यांच्या साहेबांची भांडणं मिटवलीस, आता भावाचं मिटव. आमच्या मोजणी कार्यालयातल्या नव्या बाईसाहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारला आहे. तो राहिला तर बढती गेली, आणि निवृत्तीला दीडच वर्ष उरलंय. मी तक्रार ठोकली. सोळा तारखेला समेटाची बैठक आहे. सव्वीस वर्षं जुने नकाशे जिवापाड सांभाळले, आणि काल आलेल्या बाई मला सहकार्य शिकवणार! संतापाने जेवण जात नाही. तुझी भावजय म्हणते, चांगलं जातंय.

तुझा लाडका (अजून असलो तर),
धाकटा

७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसले, रागावू नकोस. आमच्या बैठकीत आपली तक्रार बाजूला ठेवून समोरच्याची लिहायला लावायचो. समोरचा ‘हो, हेच माझं म्हणणं’ म्हणेपर्यंत फाडायची आणि पुन्हा लिहायची. भल्याभल्यांना घाम फुटायचा. तू घरीच सराव कर. एवढंच विचारते, नकाशांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? लहानपणी गोट्यांचा डबा उशाखाली घेऊन झोपायचास, म्हणून आठवलं. आईच्या मागे तिचं कपाटही सात वर्षं तुझ्याच किल्लीत आहे. ते असो.

भावजयीला आशीर्वाद, तुला चिमटा.
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालच्या बैठकीत बाईंची तक्रार मी अशी लिहिली: ‘हा माणूस किल्ली खिशात घालून फिरतो. तो रजेवर असताना वरिष्ठांनी नकाशा मागितला आणि मी बंद कपाटासमोर नुसती उभी राहिले.’ त्यांनी वाचलं, हो, हेच, म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. त्यांनी माझी लिहिली होती: ‘एकदाही समोर बसवून विचारलं नाही. नुसत्या चिठ्ठ्या पाठवल्या, मग थेट शेरा.’ मला मेली लाजच वाटली. फाडाफाडी झालीच नाही. शेरा मागे घेतला, दुसरी किल्ली त्यांच्या खणात गेली. बढतीची फाइल पुढे सरकली.

घरी येऊन तुझीही तक्रार लिहून पाहिली: ‘आईच्या कपाटातली तिची शाल हवी होती. धाकटा आपणहून देईल, म्हणून सात वर्षं मागितली नाही.’

चुकलं असेल तर कळव, फाडून पुन्हा लिहितो. ये, आणि कपाट तूच उघड. लोभ आहे तसाच राहू दे. सोबत किल्ली पाठवतो आहे.

तुझा,
धाकटा