ऑर्कांचा आवाज माझ्याकडे

रवि. ५ जानेवारी

आज माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी. लेकीच्या, केतकीच्या उजव्या हाताची खुर्ची. वर्षभर दर रविवारी दुपारी तीन ते सात तिथे मीच. आज मनीषा राठवा. के.ची क्लासमधली मैत्रीण, आता प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनिअर. मराठी समजते, बोलते गुजराती मिसळून. अर्धवट उठून म्हणाली, "काका, तमारी जागा छे?" मी म्हटलं, "छे छे, बस बस, आपलंच घर आहे." आणि स्टुलावर बसलो.

सौ. चहा ठेवता ठेवता: "पंचावन्नाव्या वर्षी पोरांच्या खेळात काय करता हो?" कितीदा सांगितलं तिला. फासे टाकायचे, नकाशावर फिरायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. कोणी माणूस, कोणी लांब कानांचा एल्फ, कोणी बुटका लोहार. गोष्ट चालवतो के.चा मित्र, अर्णव चिटणीस. वाटेत आडवे येणारे ऑर्क, म्हणजे दांडगे, दात बाहेर आलेले, त्यांचे सगळे आवाज माझ्याकडे. के. पुण्याची नोकरी सोडून आल्यापासून आठवडाभर माझ्याशी "हो", "नाही", "जेवले". रविवारी चार तास मात्र माझ्याकडे बघून हसते. म्हणून करतो. हे सौ.ला सांगितलेलं नाही.

आज ऑर्कांनी पूल अडवला. मी नेहमीचा आवाज काढला. जड जीभ, शेवटचा शब्द लांब ओढलेला. के. हसली, अर्णव हसला. मनीषा म्हणाली, "काका, आ तो मारा मामानो अवाज छे." सगळे आणखी हसले. तीही हसली, पण तिच्या हसण्याला आवाज नव्हता. एवढं मला कळतं. मशीन ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो, त्यावर तर हेल्परचा मालक झालो.

सोम. ६ जाने.

मामाचा नाही, कनुभाईचा आवाज आहे तो. वाघोडियाला माझ्या खोक्यांच्या फॅक्टरीत लोडिंगला. छोटा उदेपूरकडचा आदिवासी, मनीषाचे राठवाही तिकडचेच. वीस वर्षं झाली. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की मी त्याची नक्कल करतो, सगळे पोट धरून हसतात. तोही हसतो.

त्याच्या हसण्याला आवाज असतो का? आठवत नाही. मला आठवत नाही, म्हणजे मी ऐकलंच नसणार.

बुध. ८ जाने.

संध्याकाळी के. गॅलरीत मनीषाशी फोनवर. घड्याळ बघितलं नाही. भाजी दोनदा गरम करावी लागली, त्यावरून अंदाज. आत आली तर चेहरा फुललेला. विचारलं, "काय म्हणते मनीषा?" "काही नाही." जेवली.

रवि. १२ जाने.

अडीचलाच जाऊन खुर्चीवर बसलो. हातात पेपर, म्हणजे मुद्दाम वाटू नये. सौ.ने आतून दोनदा बघितलं. तीनला मनीषा आली तशी के. म्हणते, "बाबा, तिला माझ्या पुस्तकात बघायचंय, तुम्ही इकडे या ना."

स्टूल.

मनीषाने नियमाचं पान काढलं. ऑर्क: ताकद अधिक दोन, बुद्धी उणे दोन.
"आ कोणे नक्की कर्युं?"
अर्णव म्हणाला, "पुस्तकातच आहे."
"म्हणजे जन्मल्या जन्मल्या? शाळेत जायच्या आधीच?"

अर्णवला असं काही मिळालं की चढतोच. कारभाऱ्यांचं घराणं, बोलणं रक्तात. समावेशकता, पूर्वग्रह, वीस मिनिटं. चुकीचं काही नव्हतं त्यात. शेवटी म्हणाला, उणे दोन खोडू आणि ऑर्कांना चांगले करू. शांत, निसर्गात राहणारे, झाडांशी बोलणारे, बासरी वाजवणारे.

मनीषा म्हणाली, "देव नको करूस रे आम्हाला. चोर पण असू दे थोडे. फक्त सगळ्यांनी एकाच आवाजात चोरी नाही करायची."

"आम्हाला" म्हणाली. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल. आणि दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं, तेही लक्षात आलं. के. तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी मी एका हाताने खोक्याची घडी घालून दाखवायचो तेव्हा माझ्याकडे बघायची, तशी.

मग ऑर्क निघाले. पुठ्ठ्याचे, चाळीस, मी फॅक्टरीत पंच करून आणलेले. एकाच डायमधले, सगळे वाकलेले, सगळ्यांच्या हातात सोटा. मनीषाने आठ उचलले आणि बॉलपेनने चितारले. एकाला चष्मा. एक गरोदर. एकाच्या सोट्याची पाण्याची बादली केली. के. म्हणाली, "बाबा, बघा ना काय मस्त." बघितलं. मस्तच होते. तेच तर दुखतंय.

बत्तीस माझे डब्यात गेले.

मंगळ. १४ जाने. उत्तरायण

सकाळी खंडेराव मार्केटात उंधियूसाठी पापडी, रताळी. गर्दीत पाय दोघांनी तुडवला. दहाला गच्चीवर. के.ने अर्णव-मनीषाला बोलावलेलं. दरवर्षी के. माझी फिरकी धरते. आज मनीषाची धरली. मी माझी दोन पायांत धरून उडवला पतंग, आणि सगळ्यात पहिला मनीषाचा कापला. मुद्दाम. ती ओरडली, "काका, चीटिंग." बरं वाटलं. मग फार बरं नाही वाटलं.

अर्णवला बघून त्याचा बाप आठवला. आम्ही एका वर्गात. दर वर्षीच्या नाटकात चिटणीस प्रधान, मी, मोहिते, भालदार. सर म्हणायचे, तुमचं शिलेदाराचं रक्त, शोभतो तू. पाच वर्षं भाला धरून उभा, एक वाक्य नाही. प्रधानाची सगळी वाक्यं पाठ होती मला. मधल्या सुट्टीत त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचो, पोरं लोळायची. नक्कल तिथे शिकलो.

ताकद अधिक दोन.

हे के.ला सांगायचं होतं. ती फिरकी धरून उभी होती. मनीषा ढील म्हणाली की ढील.

शुक्र. १७ जाने.

जेवणाच्या सुट्टीत कनुभाई गोडाऊनच्या पायरीवर. शेजारी बसलो. तो उठायला लागला, खांदा धरून बसवला.
"कनुभाई, दसऱ्याला मी तुमची नक्कल करतो, ती..."
"खबर छे, शेठ."
"खोटुं लागे छे?" म्हणजे, वाईट वाटतं का.
डबा पुसत राहिला. "तमे शेठ छो."

हे उत्तर नव्हतं. म्हणजे होतंच. डब्याला झाकण लावून स्वतःच म्हणाला, "अमे पण तमारी करीए छीए. टेम्पोमां."
मी म्हटलं, करून दाखवा.
"तमारी सामे ना थाय."
खूप आग्रह केला. हसला नुसता. या वेळी कान देऊन ऐकलं. आवाज नव्हता.

वाघोडियाहून घरी येईपर्यंत गाडीत काचा लावून मोठ्यांदा बोलत आलो. "बोला बोला." "बसा बसा." काही कळेना. मला मी नेहमीसारखाच ऐकू येतो. इतकी वर्षं टेम्पोतले सगळे ऐकतायत, हसतायत, आणि माझा आवाज मलाच माहीत नाही. त्या टेम्पोवाल्यांचा हेवा वाटला. काय दिवस आलेत.

रवि. १९ जाने.

बसताच जाहीर केलं, ऑर्कांचा आवाज आता मनीषाकडे द्या. चेहरा मोठ्या मनाचा. मनात एवढंच, की के.ने म्हणावं "नाही हं बाबा, तुम्हीच." के. फासे पिशवीतून काढत होती. अर्णव म्हणाला, "चालेल की."

मनीषाच म्हणाली, "ना काका. ऑर्क तुम्हीच. फक्त मामाचा आवाज मामाला परत द्या."
मी म्हटलं, दिला. पुढे "माफ कर" म्हणायचं होतं. चहा प्यायलो.

नवा नियम: उणे दोन खोडलं. पुस्तकावरच पेन चालवलं के.ने. मला चष्मेवाला ऑर्क मिळाला.

गोष्ट अशी की माणसांचा एक व्यापारी ऑर्कांच्या गावात येतो, त्याला त्यांचं जंगलातलं लाकूड हवंय. अर्णवने विचारलं, व्यापारी कोण होतंय? मनीषाने हात वर केला. ताठ बसली. एक हात पोटावर. दोनदा घसा खाकरला आणि म्हणाली, चोख मराठीत, "बोला बोला. छे छे, उठताय कशाला, बसा बसा. आपलंच घर आहे."

ऑर्कांच्या घरात उभा राहून.

के.चं डोकं टेबलावर. अर्णव तोंड दाबून. आतून सौ. पदराला हात पुसत आली. "अहो, कोण आलंय? कोणाला बसवताय?" मग मनीषाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून हसली. लग्नानंतर इतकी हसलेली मी बघितली नव्हती.

आणि मी? क्षणभर खरंच ओळखलं नाही. वाटलं, काय गोड माणूस आहे. कामही करून घेईल आणि चहाही पाजेल, निघताना वाटेल उपकार यानेच केले. मग ओळखलं.

तीन रविवार ती ऐकत होती. खाकरणं, हात, "आपलंच घर". तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. हे लिहायला जड गेलं, पण आहे.

आता ऑर्कने उत्तर द्यायचं. व्यापाऱ्याचं पुढचं वाक्य मला पाठ, त्याच्या पुढचंही. ऑर्कचं एकही नाही. चष्मेवाला पुठ्ठा मधोमध उभा. कुठल्या आवाजात बोलतो हा? कनुभाईचा परत दिलाय. चिटणीसाचा प्रधान येतो, तो लावावा का? अर्णव समोरच बसलाय. माझा स्वतःचा तर मनीषा घेऊन बसली आहे.

के. डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. फक्त माझ्याकडे. "बाबा, बोला ना. तो विचारतोय."

फासा मुठीत गरम झालेला. मी घसा खाकरला, आणि तेवढ्यावरच मनीषाला हसू फुटलं. या वेळी आवाज होता.

सात वाजून गेले तरी कोणी उठलं नाही. ऑर्क अजून काही बोललेला नाही.