डब्यातली मध्यरात्र

नौबाद, बीदर
१७ नोव्हेंबर २०१०

चि. नागराज यास,

तुझ्या दाजीचे अनेक आशीर्वाद. तू, मंगल आणि छोटी तिघंही सुखरूप असाल, डॅलसला थंडी पडू लागली असेल आणि छोटीचं पोट आता दुखत नसेल, असं धरून चालतो. इकडं सगळे बरे आहेत. (तुझ्या अक्काची पाठ सोडून. ते पुढं येईल.)

ई-मेल सोडून टपालानं पत्र कामून पाठवलं, असं तुला वाटेल. ई-मेल वाटेत कोणकोण उघडून बघू शकतं याचा मी रीतसर अभ्यास केला आहे. पाकीट डिंकानं चिकटवलं की फाडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि फाडलं की कळतं. आजचा मजकूर तसाच आहे. मंगलला दाखवलास तर हरकत नाही, पण तिनं हसू नये.

आमच्या घरी इंटरनेट आलं तेव्हा तू लिहिलं होतंस, "दाजी, तो दोन अँटेनांचा साधा राउटर घ्या, बटण दाबलं की झालं." ते वाक्य मला लागलं. मी दहावीच्या पुढं शाळा पाहिली नाही हे खरं, पण मोटर कुठं जळाली ते मी नुसत्या वासावरून सांगतो, इंग्रजी कोश पुढं ठेवून शिकलो, आणि हुमनाबादच्या कारखान्यांतले इंजिनिअर अजून माझं वाइंडिंग बघायला (ते म्हणतात चहाला) माझ्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात येतात. बटण दाबल्यावर आत काय होतं हे समजल्याशिवाय मी मिक्सरसुद्धा घेतलेला नाही. (त्यापायी अक्कानं कितीतरी वर्षं पाट्यावर वाटलं असं ती सांगत असते, पण त्यात लोडशेडिंगचाही भाग होता.)

तर मी हैदराबादेला गेलो. दुकानदाराला विचारलं, ह्याची फायरवॉल बाहेरून येणारं नुसतं अडवते, का आतून जाणाऱ्याचीही झडती घेते? आपल्याकडच्या मे महिन्यात डबा किती तापेल? लाईट गेली तर लिहिलेले नियम पुसले जातात का? तो गृहस्थ हातातला साधा राउटर परत खोक्यात ठेवत म्हणाला, "घर कू होना क्या बँक कू होना, साब?" मी म्हणालो, घराला, पण बँकेसारखा. मग त्यानं आतून एक काळा लोखंडी डबा आणला आणि धूळ फुंकून माझ्यापुढं ठेवला. नागराज, साध्या राउटरची फायरवॉल म्हणजे ओट्यावर झोपलेला म्हातारा, चाहूल लागली की खोकतो एवढंच. ही म्हणजे किल्ल्याचा दरवाजा. कोण, कुठला, कुणाकडं, कशाला, सगळं विचारून मग आत. आपण नियम लिहायचा आणि तिनं तो पाळायचा. माणसांत असं मला आजवर कुणी भेटलेलं नव्हतं.

तुझ्या आई तेव्हा मन्नाएखेळ्ळीहून आल्या होत्या. "ह्ये काय करतंय, जावईबापू?" म्हणाल्या. मी सांगितलं, चोरांना घरात येऊ देत नाही. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "कामून? हाय काय नेण्यासारखं?" मी त्यांची पिशवी उचलून दिली. माहितीची चोरी समजावत बसलो असतो तर त्यांची बस चुकली असती.

पुस्तिका पाठ झाल्यावर मी एकेक नियम लिहीत गेलो. त्यातले दोन तू लक्षात ठेव. डबा अधूनमधून स्वतःच्या मनानं बाहेरच्या एका अनोळखी पत्त्याशी बोलतो असं मला दिसलं. आपल्या घरातला माणूस परस्पर कुणाला भेटतो म्हणजे काय? मी तो पत्ता बंद केला. हा पहिला. आणि बारशाच्या आदल्या दिवशी, चार माणसांत डबा परिपूर्ण असावा म्हणून, रात्री दहा ते पहाटे पाच दरवाजा सगळ्यांना बंद, हा दुसरा.

आता बारसं. छोटीचं कागदावरचं नाव तुम्ही दवाखान्यातच दिलंत. पण पाळण्यातलं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ते नाव बाळाच्या कानात पडेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, ही तुमच्या घरची रीत. अक्कानं ते मलाही सांगितलं नव्हतं. (झोपेत विचारून पाहिलं. झोपेतही सांगत नाही.) तुला तिनं कडेवर वाढवलं, आणि आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा हे आत्या होणं तिच्यासाठी काय होतं ते मी लिहायला नको.

पाळण्याशिवाय बारसं कसलं, म्हणून तुझ्या आईंनी तू निजायचास तो पाळणा बसच्या टपावर टाकून आणला. बाळ डॅलसला, म्हणून पाळण्यात आमचा वरवंटा, डोक्याला कुंची बांधून. आमच्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यात अक्काचं तोंड काळं दिसायचं, म्हणून शेजारचे रामाचार्य मास्तर लेकीचा लॅपटॉप घेऊन आले. अक्का इरकल नेसून, अंबाड्यातल्या गजऱ्यावर हेडफोन चढवून बसली. मागं गल्लीतल्या बायका हात उगारून उभ्या, नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपके घालायला. मी इंटरनेटवर चार शब्द बोललो. (तेवढ्यात लाईट जाऊन परतही आली, यावरून ते किती थोडे होते ते समजून घे.) आणि तुला कॉल लावला.

लागेना.

तिकडं तू छोटीच्या कानाला हेडफोन धरून बसला होतास, ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, लाईनचा दोष. मग म्हणालो, लॅपटॉपचा दोष. सगळ्यांसमोर म्हणालो, "मास्तर, तुमच्या लॅपटॉपला व्हायरस लागलाय." ज्या माणसानं मला मोडी वाचायला शिकवली त्याला मी हे म्हणालो. "असेल हो, महांतेशराव," एवढंच बोलून त्यांनी लॅपटॉप पंच्यात गुंडाळला आणि ते घरी गेले. तुझा मोबाईलवर फोन आला, तेव्हा तुझ्या आई अक्काला म्हणाल्या, "फोनावरच सांग की गं जगदेवी." मी फोन हातचा सोडला नाही. इंटरनेटवरचं बारसं म्हणून गल्लीभर सांगितलेलं, ते फोनावर कसं उरकायचं? दोन मिनिटं थांब, दोन मिनिटं थांब, असं मी तुला म्हणत राहिलो, आणि छोटी झोपली आणि तुझी ऑफिसची वेळ झाली. कुणीतरी म्हणालं, वरवंट्याच्या कानात सांग. अक्कानं मान हलवली. नाव तोंडात धरून ती तशीच बसली. बायकांनी उगारलेले हात खाली घेतले, घुगऱ्या घेतल्या आणि गेल्या.

सगळे गेल्यावर मी डब्याचं पान उघडलं. कोपऱ्यात त्याचं घड्याळ होतं. एक जानेवारी, रात्रीचे बारा वाजून गेलेले. नागराज, मी पाठ झालेली पुस्तिका पुन्हा उघडली. लाईट गेली की डबा वेळ विसरतो. मग तो बाहेर एका पत्त्यावर वेळ विचारायला जातो. मी बंद केलेला अनोळखी पत्ता तो हाच. डॅलसला सकाळ, नौबादला संध्याकाळ आणि डब्यात मध्यरात्र, आणि मध्यरात्री दरवाजा बंद हा हुकूम माझा. डब्यानं काहीच चूक केली नाही. मी सांगितलं तेवढंच केलं.

आणि मी काय केलं? बाहेर येऊन अक्काला सांगितलं, अमेरिकेकडचा दोष होता. ती "व्हय?" म्हणाली. वरवंट्याची कुंची सोडून घडी घातली आणि तो पाट्यावर नेऊन ठेवला. त्या "व्हय"नंतर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची पाठ धरली आहे. मनस्तापानं असावं. मी स्वतः बाम चोळून दिला, आणि चोळताना तिच्या पाठीलाही तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. मास्तरांच्या दारावरून जाताना मी चपला हातात घेतो.

मंगलला आशीर्वाद, छोटीला गोड पापा.

तुझा दाजी,
महांतेश

ता. क. : मुद्द्याचं राहिलं. अक्काला एकदा फोन करून तूच सांग की दोष तुमच्याकडं होता. तू इंजिनिअर आहेस, तुझं ती खरं मानेल. आणि छोटीच्या कानात नाव सांगायला तिला पुन्हा एक दिवस दे.

ता. क. २ : वरचं ता. क. रद्द समज. मी डिंक आणायला गेलो, पत्र टेबलावर उघडं राहिलं, आणि अक्कानं ते सगळं वाचलं. (फायरवॉल असलेल्या घरात.) म्हणाली, "दुसऱ्यावर चिडलात की दोन दोन दिस बडबडता. त्या दिशी घडीभरात गप झालात. तवाच कळलं, दोष घरातला हाय." बारशाच्या दुसऱ्याच दिवशी ती मास्तरांकडं गेली होती, आणि त्याच लॅपटॉपवरून, मास्तरांच्या दोन अँटेनांच्या साध्या राउटरवरून, छोटीच्या कानात नाव सांगून आली. मागून मास्तरांच्या मालतीबाईंनी दोन्ही हातांनी पाठीत धपके घातले, मास्तर हसले, तू हसलास. मी बाम चोळला ती पाठ हीच! आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही सगळे गप्प. परवा फोनवर तू किती साळसूदपणे विचारलंस, "दाजी, लाईन कशी आहे आता?"

ता. क. ३ : संध्याकाळी मास्तरांकडं जाणार आहे. चपला घालून. माफी मागायची आहे आणि त्यांच्या राउटरचं नाव विचारायचं आहे. पण छोटीचं नाव त्यांना कसं विचारू? तुझ्या आईंना ते ठाऊक आहे, मास्तरांना ठाऊक आहे, एव्हाना गल्लीला असेल. तेवढं तू कळव. अक्काला विचारलं तर म्हणते, "तुमच्या डब्यात उजाडू द्या, मग सांगते."