शेकडा दोन गळकी

३ तारीख, सोमवार
सातवीत गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, "डोकं बेताचं, पण हिशेब नाही चुकत हिचा." आज पटलं. बाटल्यांच्या टोपणांचा दहा हजारांचा लॉट. शंभर तपासली; बाटलीला लावून उलटी धरली. दोन गळली. शेकडा दोन, म्हणजे अख्ख्या लॉटमध्ये दोनशे. तीन टक्क्यांपर्यंत चालतं. पास केला. साहेब म्हणाले, हा लॉट सुरळीत गेला की मुख्य तपासनीस तुम्हीच.

४, मंगळवार
नमुना खोक्याच्या वरून, मधून, तळातून घ्यायचा असा नियम आहे. मी वरूनच घेते. पाठ धरते. पण मशीन एक, प्लास्टिक एक. तळाशी काय वेगळं असणार? तरी उद्यापासून वाकायचं. नक्की.

६, गुरुवार
वाकले नाही. नव्या लॉटमध्येही दोनच गळली. आकडा इतका स्थिर, म्हणजे पद्धत शास्त्रीय. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग आपली बाटली का गळते? म्हटलं, ती त्या दोनशेतली असणार.

११, मंगळवार, सकाळी
३ तारखेचा लॉट परत आला. शंभरात अठरा गळतात म्हणे. ट्रकमध्ये धक्के बसले असतील. उकाडाही आहे.

दुपारी ३
पॅकिंगच्या मावशींना विचारलं, खोकी भरताना काही गडबड झाली का? म्हणाल्या, "गडबड कसली, बाई? तुझी पाठ दुखते ना, म्हणून गुळगुळीत कडांची निवडून वर ठेवते. चार वर्षं झाली. तुझं लवकर आटपतं." साहेब मागेच उभे होते.

१२, बुधवार
साहेबांनी मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मुद्दाम फसवलं म्हणे. मावशींनी डबा पिशवीत टाकला, आणि जाताना मला म्हणाल्या, "गरम पाण्यानं शेकत जा गं."

संध्याकाळी
अर्ज लिहिला. पहिल्या कागदावर दोष ट्रकचा, दुसऱ्यावर पाठीचा. दोन्ही फाडले. साहेब नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तरी तिसऱ्यावर एवढंच लिहिलंय: नमुना मी वरचाच घेत आले, हे मावशींना दिसत होतं, तुम्हालाही दिसलं असतं. मला पॅकिंगला बसवा, पण त्यांना परत बोलवा.